नैरोबीहून आलेली लाल गाडी

दिवाळीत सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या मिल बंद झाल्या की आम्हा खानदेशातल्या माणसांना गावाचे वेध लागतात. त्या वर्षी, म्हणजे नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं असेल तेव्हा, गोडादऱ्यातल्या आमच्या खोलीतही पिशव्या भरून दाराशी ठेवल्या होत्या. बायकोला भाऊबीजेला माहेरी पोचायचं होतं. आणि नेमका तेव्हाच शेजारच्या दुकानातल्या फोनवर शेठचा निरोप आला, ‘घरी येऊन जा.’

शेठ म्हणजे एका डाइंग मिलचे मालक. कापड रंगवणाऱ्या मशिनांना किती वेळ तापायचं, कधी थांबायचं हे सांगणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं असतात, ती मी दुरुस्त करायचो. स्वभावाने मी तापट. माणूस खोटं बोलला तर एक वेळ सोडून देईन, मशीन खोटं बोललं की माझं डोकंच फिरतं. या खोडीवरच माझं पोट चाललंय, तेव्हा तक्रार नाही.

अठवालाइन्समधल्या शेठच्या बंगल्यात पोचलो तर पोर्चमध्ये ती उभी होती. दोन दारांची, बसकी, लाल, जपानी स्पोर्ट्स कार. बटण दाबलं की तिचे दिवे बॉनेटमधून वर यायचे. शेठचे वडील नैरोबीचा धंदा आवरून सुरतेला परतले तेव्हा तिला बोटीतून सोबत घेऊन आले होते. पुढे ते वारले. आता गाडी वाटेत कुठेही बंद पडायची, आणि दसरा झाल्यापासून तर गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा धड जात नव्हती.

“भाऊ, आमां कोम्प्युटर छे,” शेठ गाडीकडे बोट दाखवत म्हणाले. “तमे मिलनां कार्ड रिपेर करो छो, तो आ पण जोई लो. नहि तो लाभपाचमे भंगारवाळो लई जशे.”

गुजराती माणूस लाभपाचमीला दुकान पुन्हा उघडतो. यांनी त्याच मुहूर्तावर गाडी मोडीत काढायचं ठरवलं होतं. शेठचं तरी काय चुकलं? गावातले सगळे मेकॅनिक होऊन गेले होते आणि सगळ्यांचं एकच मत होतं, कॉम्प्युटर गेला, जपानहून मागवा. त्या काळी इंजिनाला पेट्रोल पुरवायला कार्ब्युरेटर सोडून दुसरं काही असू शकतं हेच आमच्याकडे कुणाला खरं वाटत नसे.

शेठची आई, बा, दारातल्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून ऐकत होती. पांढरं लुगडं, सडसडीत बांधा. ती एवढंच म्हणाली, “एमनी गाडी छे. वेचवानी नथी.” त्यांची गाडी आहे, विकायची नाही. शेठ मान खाली घालून आत गेले. मला तिथेच कळलं की या घरात हा वाद जुना आहे आणि बा तो हरत आलेली आहे.

घरी येऊन बायकोला म्हटलं, दोन दिवस थांबू. ती पिशव्यांकडे बघत म्हणाली, “आते ती गाडीच घर लई या ना! मी चूलपाशी जागा करी देस.” (भाऊबीजेला तिने भावाला वेळेवर ओवाळलं, एवढं आत्ताच सांगून ठेवतो. नाहीतर वाचणाऱ्या बायका माझ्यावर रागावायच्या.)

त्या गाडीत एक सोय होती. बॉनेटखालच्या छोट्या प्लगमधल्या दोन पिना तारेने जोडल्या की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकायचा, आणि त्या लुकलुकण्यावरून कुठला भाग बिघडलाय ते ओळखायचं. आखातातून परतलेल्या एका मेकॅनिकने मला ते शिकवलं होतं. सकाळी दिवा म्हणाला, हवा मोजणारा भाग बिघडलाय. तो काढून तपासला, ठणठणीत. दुपारी म्हणाला, पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर गेला. तोही ठणठणीत. दुसऱ्या दिवशी तिसराच आजार. सकाळी कावीळ, दुपारी मोडलेला पाय आणि उद्या मोतीबिंदू सांगणाऱ्या पेशंटला डॉक्टर काय म्हणेल? मी गाडीला खानदेशी शिव्या हासडल्या. हिंचक्यावरून बा हसली. शिव्या कुठल्याही भाषेतल्या असोत, समजतातच.

खरं सांगायचं तर मीही ‘कॉम्प्युटर गेला’ म्हणून हात झटकायच्या बेतात होतो. पोर्चमध्ये झाकोळून आलं म्हणून मी गाडीचे दिवे लावले. बटण दाबताच दिवे वर आले, आणि त्याच क्षणी पाण्याच्या तापमानाचा काटा टुणकन वर चढला. दिवे बंद केले, काटा खाली आला. पुन्हा लावले, पुन्हा वर.

दिवे लावल्याने पाणी कसं तापेल?

मला एवढा आनंद झाला की मी तिथेच पायरीवर बसून उगाच हसत सुटलो. डाइंग मिलमध्ये वाफ आणि केमिकल यांनी सगळ्यात आधी अर्थिंग खराब होतं. आलेल्या करंटला परत जायची वाट नीट मिळाली नाही, की तो दुसऱ्याच्या वाटेत घुसतो आणि बिचारं कार्ड भलतंच वाचायला लागतं. इथेही तेच असणार. कॉम्प्युटर खोटं बोलत नव्हता, त्याच्यापर्यंत जे पोचत होतं तेच खोटं होतं. माझ्या मीटरची एक पिन गाडीच्या बॉडीला आणि दुसरी इंजिनाला लावली. मीटरचा काटा जवळजवळ हलायला नको होता, तो दिवे लावताच चांगला पुढे सरकला. इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारी अर्थिंगची पट्टी बोटांनी चाचपत गेलो. मागच्या बाजूला, जिथे ती बोल्टवर कसली होती, तिथे तेलाने काळं झालेलं काहीतरी मऊ हाताला लागलं. टॉर्च लावून पाहिलं.

नाडाछडी. पूजेचा लाल-पिवळा धागा. एक नाही, थरावर थर.

शेठना हाक मारली तेव्हा त्यांनी सांगितलं, गाडी बोटीतून आली तेव्हा बाने पहिला धागा बांधला होता. गाडीचा जीव इंजिनात, म्हणून इंजिनापाशी बांधायचा, असा तिचा हट्ट. नवऱ्याने हसत बॉनेट उघडून हाताला येईल असा बोल्ट दाखवला. मग दर दसऱ्याला नवा धागा. आणि ज्या ज्या मेकॅनिकने तो बोल्ट खोलला त्याने धागा काही तोडला नाही. सुरतेत पूजेच्या धाग्याला कात्री लावायची कुणाची हिंमत? सगळ्यांनी तो भक्तिभावाने परत जागेवर सरकवला आणि वरून पट्टीचा नट आवळला. पट्टी आणि बॉडी यांच्यामध्ये सुताची गादी तयार झाली. ती ओल धरायची, तिच्याखाली गंज चढायचा.

शेठ वाकून बघत होते. हळूच म्हणाले, “कापी नाखो. बाने कहेता नहि.” कापून टाका, बाला सांगू नका.

मी कटर हातात घेतला. पण हात पुढे जाईना. मी काही फार देवभोळा नाही. तरीही नवऱ्याच्या गाडीला एका बाईने बांधलेले इतक्या दसऱ्यांचे धागे तिच्या पाठीमागे तोडायचे, हे मला जमेना. तेवढ्यात बा चहा घेऊन आलीच.

“शुं हतुं, भाई?” काय झालं होतं, असं तिने विचारलं.

मी माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत सगळं सांगितलं. शेठ माझ्याकडे असं बघत होते की पुढच्या महिन्यात मिलमध्ये काम मिळेल की नाही याचीच मला शंका आली. बाने कप पायरीवर ठेवला.

“एटले में ज बगाडी?”

म्हणजे मीच बिघडवली? मी घाईघाईने म्हणालो, नाही बा, दोष आवळणाऱ्यांचा, बांधणाऱ्याचा नाही. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. मी नट सैल केला, आणि तिने पदर खोचून स्वतः एकेक गाठ सोडवायला घेतली. मधली गाठ तेलाने दगड झाली होती. तिने ती नखांनी उकलली, बोटं काळी झाली तरी थांबली नाही.

मी काचपेपरने जागा घासून लख्ख केली, पट्टी लावली, नट आवळला. चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. दिवे लावले, पंखा लावला, वायपर लावले, काटा जागचा हलला नाही. शेठ गल्लीला एक फेरी मारून आले, मग दुसरी, मग उगाचच तिसरी. परतले ते थेट फोनकडे गेले आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणाले. बाने ते ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला. मलाही बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

मी हत्यारं आवरत होतो. बा घरात जाऊन आली. तिच्या हातात नाडाछडीचा नवा, कोरा तुकडा होता. शेठ काही बोलायला गेले, तिने हाताने थांबवलं आणि माझ्यापाशी आली.

“भाई,” ती म्हणाली, “एने नडे नहि एवी जग्या बताव.”

गाडीला नडणार नाही अशी जागा दाखव. मी टॉर्च पेटवला आणि पुन्हा बॉनेटखाली वाकून तशी जागा शोधू लागलो.