एक मूठ जास्त

अनया, ईशान, माझ्या लेकरांनो, शालनने वाळवलेला जवळा तुम्ही तिकडे कॅनडात खाता, म्हणून ती गेल्याचं तुम्हाला नीट सांगायला हवं. इथल्या वाचकांनीही ते ऐकावं, म्हणून पुरवणीत लिहिते आहे. महिना झाला. सकाळी शालनने सांभाळलेल्या तन्वीचा फोन आला, "बाई, शालनताई गेली... बोंबील वाळत घालता घालता." गॅसवरचं दूध उतू गेलेलं मला कळलंच नाही. माझ्या घरात दूध उतू जात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

नऊ वर्षांपूर्वी ती आपल्या रेवदंड्याच्या दारात पहिल्यांदा आली, तेव्हा साडी, रुंद खांदे आणि जाड आवाज एवढंच मी पाहिलं. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली मी, आत जाऊन सुपात तांदूळ-नारळ घेऊन आले आणि सूप तिच्यापुढे ठेवून आशीर्वादासाठी हात जोडले. तृतीयपंथी दारात आली की हेच करायचं, एवढंच मला माहीत. ती म्हणाली, "बाई, मी बोंबील इकाया आलेय. घ्यायचं हाय का न्हाय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र हसली. "तांदूळ ठेवा तसंच. रविवारी माजी पोरं येतील, त्यांना भात लागंल."

पोरं म्हणजे मुरुड ते अलिबागपर्यंतची तिच्यासारखीच मुलं, चिडवून चिडवून शाळेतून उठवलेली. त्या रविवारी ती त्यांना घेऊन आली आणि मग दर रविवारी आपली पडवी त्यांची झाली. मी इंग्रजी शिकवायचे, अर्ज भरून घ्यायचे. महिन्यातून एकदा समुपदेशक यायच्या. पण आधी जेवण. शालन सुपात माणशी दोन मुठी तांदूळ घ्यायची आणि शेवटी एक मूठ जास्त. उरलेलं अन्न मला खपत नाही, मी रागवायचे. "कोनीतरी अजून वाटंवर हाय, बाई," ती म्हणायची.

तन्वी सोळाव्या वर्षी आली, अकरावी सोडून. तिचे वडील न्यायला आले. पडवीत उभे राहून म्हणाले, "शिकून काय करनार? टाळ्याच वाजवनार ना?" शालन मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, वीस वर्सं मासळी इकतेय. टाळी वाजवली ती फकस्त डासांवर." मासे साफ करणाऱ्या तिच्या हातांकडे बघत ते म्हणाले, "बारावी होऊ दे. मग बघू." आज तन्वी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

शालनच्या दहाव्याला तन्वीने विचारलं, "आता रविवार बंद ना, बाई?" मी म्हटलं, "नाही. आपल्यासारखं कुणी चाळिशीपर्यंत जगतं, कमावतं, बाजारात भांडतं, हे मुलांना शालनकडे बघून कळायचं. ते मला शिकवता येत नाही. तुला येईल."

गेल्या रविवारी तिने खिळ्यावरचं सूप काढलं, मुठी मोजल्या, माझ्याकडे पाहिलं आणि एक मूठ जास्त घातली. नवीन कुणी आलं नाही. उरलेला भात मी संध्याकाळी फोडणीला टाकला आणि सूप पुन्हा अडकवलं, तन्वीच्या हाताला लागेल अशा खिळ्यावर.