चार बाटल्या पाणी

आमची लॉरी लालबागेतून निघाली तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली होती. लॉरी कंपनीची होती. मागे चौदा तराजू, वजनांच्या सहा पेट्या, आणि त्यांच्या फटींत आमचा संसार: दोन ट्रंका, पाळणा, स्टोव्ह, भांड्यांची गोणी. पुढे ड्रायव्हरशेजारी चार वर्षांची मंदा, मग आठ महिन्यांच्या अरुणला मांडीवर घेऊन माझी पत्नी इंदू, आणि दाराकडे मी. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, तो आणि वहिनी जिन्याशी उभे होते. आई खाली आली नाही. पहिल्या मजल्याच्या कठड्याला धरून ती म्हणाली, "लोक विहीर सोडून नळाकडे आले. तू नळ सोडून विहिरीकडे चाललास. उलटाच चालतोस रे तू."

या गोष्टीला आता सात वर्षे होतील. दादाचा मुलगा मधू बायको आणि लहान मुलगी घेऊन मुंबईबाहेर कुठे राहावे याच्या शोधात आहे. त्याने पत्र पाठवून माझा जुना तक्ता मागितला आहे. तक्ता मी पाठवतोच आहे. पण त्यात जे नाही ते लिहून काढणे अधिक गरजेचे वाटते. मधूने वाचावे, आणि चाळीतून बाहेर पडलेल्यांनी व तिथेच राहिलेल्यांनीही.

जायचे कारण मंदाचा श्वास. आमच्या खिडकीतून गिरण्यांच्या पाच चिमण्या दिसत. मुलगी जिना चढली की दोन्ही हातांनी कठडा धरून उभी राही आणि बोलत नसे. डॉक्टर म्हणाले, "औषध मी देत राहीन, हवा कुठून देऊ?" तेव्हापासून ती दुपारी झोपली की मी किंवा इंदू घड्याळ लावून तिचे श्वास मोजत असू. मिनिटाला चाळीस, एखादे दिवशी त्रेचाळीस. मी ते वहीत लिहीत असे.

मी तराजू बनवणाऱ्या एका कंपनीत काटे तपासायला होतो. शेर जाऊन किलो आला त्या सुमारास भातगिरण्यांचे आणि मिठाच्या वखारींचे काटे बदलायला बाहेरगावी माणसे हवी झाली. मालकांनी माझ्यापुढे तीन गावे ठेवली: ठाणे, कल्याण, पनवेल. हवे ते घ्या, महिनाअखेर सांगा, म्हणाले.

मी तक्ता आखला. खोलीपासून डॉक्टर किती पावलांवर, शाळा किती, बाजार किती, धूर दिसतो का, पाणी कसे. एक रकाना मात्र मुद्दाम ठेवला नाही. इंदूचे माहेर आपट्याचे, पनवेलहून पुढे. दादा चेष्टेने म्हणाला होता, "सासुरवाडीच्या वाटेवरचं गाव बरं सापडलं." ते मला लागले. मी इंदूला सांगितले की माहेर जवळ की लांब, हे यात धरायचे नाही. ती "बरं" म्हणाली, आणि त्यानंतर पनवेलबद्दल एक शब्द बोलली नाही. तिला या सगळ्यात फारसे स्वारस्य नाही असा मी अर्थ काढला.

हवेत पनवेल पहिले आले. कल्याणला चांगली खोली मिळत होती ती रेल्वे यार्डाजवळ, आणि इंजिनांची काजळी तिथल्या खिडकीच्या गजांवर बोटाला लागत होती. ठाण्याची खोली दोन कारखान्यांच्या मध्ये. पण पाण्याचे काय? मुलांच्या पोटात जाणार ते पाणी. आईने लहानपणी सांगितले होते, ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते पाणी पोटालाही जड. याचे मोजमाप करता येते हे माझ्या ध्यानात आले, आणि मला फार आनंद झाला.

तिन्ही गावांहून मी एकेक बाटली पाणी आणले. बाटल्यांवर फक्त एक, दोन, तीन लिहिले, म्हणजे इंदूला गाव कळू नये. तूरडाळ प्रत्येक वेळी तितकीच, पातेले तेच, स्टोव्ह तोच. पहिली, कल्याणची, चाळीस मिनिटांत शिजली. दुसरी, ठाण्याची, पंचेचाळीस. तिसरी सव्वा तास झाला तरी दाणा वेगळा आणि पाणी वेगळे. इंदूने चमच्याने दाणा दाबून पाहिला आणि तीन नंबर कुठला ते विचारले. मी म्हणालो, पनवेल. तिने स्टोव्ह बंद केला.

मी पनवेलवर रेघ मारली. सोमवारी मालकांना कल्याण सांगणार होतो.

शनिवारी मी जेवायला बसलो असताना ती वाढता वाढता म्हणाली, "पनवेलचं पाणी म्हणजे कुठल्या विहिरीचं?"

एसटी स्टँडपासून एकशे दहा पावलांवरच्या, असे मी सांगितले.

"गावात एकच विहीर असते होय? आमच्या आपट्याला प्यायचं पाणी वेगळं, वापरायचं वेगळं." मग पातेले खाली ठेवून म्हणाली, "माहेर धरायचं नाही म्हणालात, म्हणून बोलले नाही. पण ही डाळ धरायची असेल, तर आधी कुणाला तरी विचारा."

मी चाळीत जन्मलो. नळ एक, पाणी एक. गावाचे पाणी म्हणजे गावाचे पाणी, यापुढे माझा विचार गेलाच नव्हता. रविवारी आम्ही मुलांना घेऊन पनवेलला गेलो.

त्याच विहिरीवर तीन-चार बायका होत्या. त्यातली एक, जिचे नाव हिराबाई हे पुढे कळले, मला पाहून पदराआड हसली. इंदूने विचारले, या पाण्यात तुम्ही डाळ कशी शिजवता?

"डाळ? ह्या पान्यात?" हिराबाई म्हणाली. "सगलं लाकूड जाळलंस तरी शिजायची नाय, बाय. ही भांड्या-कपड्यांची बाव हाय. डाळीचं पानी तळ्याच्या पल्याडचं. हे भाऊ बाटली भरून गेले तवा आमी म्हनलं, मुंबईवाले आमची खारी बाव औषदाला नेतात का काय."

मी विचारले, मग तेव्हाच का नाही सांगितले?

"तुमी इचारलं कुठं? तुमी पावलं मोजत व्हते."

इंदू तोंड फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

तळ्यापलीकडच्या विहिरीची चौथी बाटली आम्ही भरली. दुपारी तळ्याच्या काठी झाडाखाली बसलो. मंदा दगडावरून दगडावर उड्या मारून दमली आणि इंदूच्या मांडीवर झोपली. मी घड्याळ काढले. अठ्ठावीस. चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजले. एकोणतीस. तिसऱ्यांदा इंदूने मोजले, तिचेही अठ्ठावीस आले.

घरी येऊन चौथी डाळ लावली. त्रेचाळीस मिनिटे. म्हणजे कल्याण अजूनही तीन मिनिटांनी सरस होते. ती तीन मिनिटे मी सोडून दिली. नोकरीत मी असा फरक कधी सोडलेला नाही. सोमवारी मालकांना पनवेल सांगितले.

आल्यावर पहिले वर्षभर मला दुसरा छंद नव्हता. एकाच गावात तळ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या विहिरींचे पाणी वेगळे का? जुन्या माणसांना विचारले तेव्हा कळले की खाडी जवळ असली की भरतीचा खार आतून झिरपतो, आणि उन्हाळ्यात तो आणखी आत येतो. हे प्रत्येक घरात ठाऊक होते, लिहिलेले कुठेच नव्हते. मी अकरा विहिरींचे पाणी चाखून यादी केली. हिराबाई मला अजून "बाटलीवाले भाऊ" म्हणते, आणि तिच्यामुळे आता अर्धी आळी म्हणते.

आई तिसऱ्या वर्षी आली, ती फिरकीच्या तांब्यात लालबागेच्या नळाचे पाणी घेऊन. आपल्यापुरते, म्हणाली. ते दीड दिवस पुरले. परत जाताना तिने तोच तांब्या इंदूपुढे ठेवला आणि वाटेत लागले तर असावे म्हणून भरून द्यायला सांगितले. आता रेल्वे झाली आहे. दादा येतो तेव्हा तांब्या रिकामा येतो आणि भरून जातो. उलटे चालण्याबद्दल आई पुन्हा बोललेली नाही. मी मात्र सणाला चाळीत गेलो की आधी नळाखाली ओंजळ धरतो. मंदा त्या पाण्याला वास येतो म्हणते. मला येत नाही.

मधू, तू पत्रात विचारले आहेस की नवीन गाव किती दिवसांत घर वाटू लागले. नेमका आकडा हवा, असेही लिहिले आहेस. माझाच पुतण्या तू. काल त्यासाठी जुनी वही काढली. मंदाच्या श्वासांचे आकडे पहिल्या महिन्यात रोजचे आहेत. मग आठवड्याचे. मग एका पानावर चोवीस, आणि त्याखाली काही नाही. का थांबलो ते लिहिलेले नाही. ठरवून थांबलो असतो तर तारीख टाकली असती. इंदूला विचारले, तिलाही आठवत नाही. मंदाला हाक मारली तर ती तळ्यावर गेली होती.

तेव्हा तक्ता सोबत आहे. तुझा तो आकडा मात्र माझ्याकडे नाही.