दमयंतीबाईंचा शेजार

आमच्या वाडीतील काशीराम भुवड हे चिपळूणजवळच्या लोटे येथील एका रसायन कारखान्यात पाळीवर कामाला होते. पाळी बदलली की त्यांची झोप बिघडे, आणि झोप बिघडली की त्यांच्या पत्नी दमयंतीबाई मार खात. ही गोष्ट मी येथे जितक्या सरळपणे लिहीत आहे, तितक्या सरळपणे ती वाडीत कोणी कधी उच्चारली नव्हती.

मारायला कारण लागत नसे. भाकरी जाड झाली, कंपनीची बस चुकली, एवढे पुरेसे होई. एकदा त्यांनी दमयंतीबाईंचा डावा हात चौकटीवर दाबून धरला आणि त्यावर दार लोटले. चिपळूणच्या दवाखान्यात बाईंनी विहिरीवर घसरल्याचे सांगितले. दोन बोटे वाकडीच जुळली.

लोट्याला ते ज्या खोलीत राहत, तिची एक भिंत शेजारच्या बिऱ्हाडाशी सामाईक होती. पलीकडे रेणुका नावाची बाई राही. आवाज वाढला की ती लाटण्याने भिंतीवर ठोके मारी. ती कधी दाराशी आली नाही, काशीरामांशी एक शब्द बोलली नाही. पण ते ठोके ऐकू आले की काशीरामांचा उगारलेला हात खाली येई. चारचौघांत आपले नाव चांगले राहावे याची त्यांना फार काळजी असे.

निवृत्ती जवळ आली तशी पतीपत्नी संध्याकाळी पुढील आयुष्याचे बेत करू लागली. त्या बोलण्यात काशीराम मनापासून रमत, हेही नमूद केले पाहिजे. ते खडूने जमिनीवर घर काढीत: पुढे पडवी, पूर्वेला स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर. दमयंतीबाई हळदीच्या वाफ्याची आणि कोंबड्यांच्या खुराड्याची जागा दाखवीत, आणि तेथे ते खूण करीत. एखाद्या परक्याने पाहिले असते तर त्याला या जोडप्याचा हेवा वाटला असता.

घर कोठे बांधायचे, या एकाच प्रश्नावर ती दोघे अडली. काशीरामांना ते वाडीपासून दूर, वर सड्याच्या उजाड पठारावर, कातळालगतच्या स्वतःच्या तुकड्यात हवे होते. तेथून दुसऱ्या कोणाचे छप्परही दिसत नाही. दमयंतीबाईंना ते वाडीत, धाकटा दीर सदू याच्या घराला लागून हवे होते. त्यांनी पाण्याचे कारण सांगितले, सापांचे सांगितले, आपल्या गुडघ्यांचे सांगितले. तिसऱ्या कारणाला काशीरामांनी जेवणाचा स्टीलचा डबा त्यांच्या कपाळावर हाणला. भुवई फाटली. भिंतीवर ठोके पडले. काशीरामांनी डबा खाली ठेवला आणि शांतपणे म्हटले, "तिथं ही भिंत नसणार, अगो."

ते निवृत्त होऊन गावी आले, आणि सड्यावर चिऱ्यांचे जोते त्यांनी बाईंना न विचारताच घालून टाकले.

आमच्याकडे नवे घर उभारण्यापूर्वी ग्रामदेवीचा कौल घेतात. गुरव देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या फुलांच्या कळ्या लावतो आणि गाऱ्हाणे घालतो; उजवी कळी पडली की होकार. घरासाठीचे गाऱ्हाणे पतीपत्नी दोघांच्या नावाने घालायचे असते आणि त्या वेळी दोघांनी समोर उभे राहायचे असते. मानकऱ्यांपैकी एक या नात्याने मीही मंडपात होतो; सदूही आला होता.

बाळा गुरवाने काशीरामांनी सांगितल्याप्रमाणे गाऱ्हाणे घातले. ही दोघे एकमताने सड्यावर घर बांधू इच्छितात, त्यांना होकार दे, अशी त्याने देवीला विनंती केली. थोड्या वेळाने उजवी कळी पडली. काशीरामांनी समाधानाने हात जोडले. गुरवाने तीर्थ पुढे केले, परंतु दमयंतीबाईंनी ओंजळ धरली नाही.

"बाळादादा, गाऱ्हाणं खोटं घातलंत," त्या म्हणाल्या. "माझं मत कुणी विचारलं नाय."

काशीराम हसले आणि म्हातारपणी हिला वेड लागले आहे, असे सर्वांना सांगू लागले. बाईंनी वाकडी बोटे गुरवासमोर धरली.

"ही विहिरीवर नाय मोडली. ह्यांनी दारात चेचली. शेजारीण भिंतीवर लाटणं आपटायची, म्हणून मी आज उभी आहे. सड्यावर कोण आपटणार?"

काशीरामांची मूठ त्यांच्या तोंडावर बसली. बाई खांबावर आदळल्या आणि पाषाणासमोरच्या फरशीवर रक्त सांडले. काशीरामांनी कोनाड्यातील पितळी घंटा उचलून बाईंच्या डोक्यात हाणली. ती दुसऱ्यांदा डोक्यावर पडण्यापूर्वी सदूने भावाला कंबरेतून धरून खाली पाडले. धडपडीत घंटेची कड सदूच्या गालात घुसली, तरी त्याने पकड सोडली नाही. आम्ही चौघांनी मिळून काशीरामांचे हात मागे आवळले. त्यांना धाप लागली होती आणि चेहऱ्यावर खरेखुरे आश्चर्य होते.

"घरातली गोष्ट," ते म्हणाले. "देवळात कशाला सांगितलंन?"

खोट्या गाऱ्हाण्याचा कौल ग्राह्य नसतो, असे मी मानकऱ्यांना सांगितले. कोणी नव्याने कौल लावण्याचे सुचवले. दमयंतीबाई पदराने तोंड दाबून उठल्या आणि म्हणाल्या, "आता देवीला काय विचारायचं? मी सांगत्येय ना." त्यानंतर त्या सदूच्या घरी गेल्या. सदूने लागूनची खोली त्यांना मोकळी करून दिली. जोत्यावर पत्र्याची शेड घालून काशीराम सड्यावर राहू लागले.

एका भर दुपारी ते कोयता घेऊन खाली उतरले. सदू तेव्हा शेतावर होता. त्यांनी बाईंच्या दारावर घाव घालण्यास आरंभ केला; फळीच्या ढलप्या अंगणात उडू लागल्या आणि कोयत्याचे टोक आत दिसू लागले. बाई दाराला पाठ लावून बसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्यांनी लाटणे घेतले आणि पितळी परातीवर पूर्ण बळाने ठोकू लागल्या.

प्रथम समोरच्या कमलाबाईंचे दार उघडले. त्या हातात मुसळ घेऊन बाहेर आल्या. मग एकामागून एक सगळी दारे उघडली. काशीरामांनी एकदा सर्वांकडे पाहिले, कोयता पाठीमागे लपवला आणि जणू कामाला निघाल्यासारखे ते सड्याच्या वाटेला लागले. परात मात्र ते दिसेनासे होईपर्यंत वाजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिकडून जात असताना दमयंतीबाई, त्यांची खोली आणि सदूचे घर जेथे मिळते तेथे, अंगणात माती उकरीत होत्या. हळदीचा वाफा करते आहे, म्हणाल्या. तुटलेल्या फळीवर आतून गोणपाट ठोकलेले होते आणि परात उंबऱ्याजवळ, हाताशी येईल अशी, उपडी ठेवलेली होती.