लाथेचं घराणं

“लाथ मारायची विद्या घेऊन हनुमानासमोर उभा राहतोस? लाज वाटत न्हाई?”

“लाज कशाची, वस्ताद? तुमी माणूस उचलून आपटता, मी पायानं पाडतो. पडणाऱ्याला काय फरक?”

“फरक विचारतो! आदी सांग, हे आलं कुठून? गुरू कोण? घराणं कोणतं?”

“कोरियाचं हाय.”

“ते गावाचं नाव झालं. मी बापाचं नाव विचारलं.”

भिंगारच्या तालमीमागं मी गोवऱ्या थापत होते तेव्हा हे भांडण ऐकलं. एकाहत्तर साल असावं. तालमीत बायांनी जायचं नसतं, पण भिंतीपल्याडून ऐकू येतं त्याला कोण काय करणार. एक आवाज मोहियोद्दीन वस्तादांचा. हनुमानाला शेंदूर चढला का, हे रोज सकाळी आधी तेच बघायचे. दुसरा आवाज आमच्या घरातला, माझा धाकटा दीर कानिफनाथ. वस्तादांच्या घरी भाऊजींच्याच म्हशीचं दूध जायचं, पण दुधाच्या ओळखीवर तालमीचा कोपरा मिळत नाही, हे त्या दिवशी भाऊजींना कळलं.

कोपरा त्यांना कशाला हवा होता, ते सांगते.

भाऊजी तरणेपणी लष्करात लंगरी होते, म्हणजे भाकऱ्या भाजणारे. कोरियातली लढाई थांबली तेव्हा तिथल्या कैद्यांवर पहारा द्यायला आपलं लष्कर गेलं, त्यात हेही गेले. जाताना सासूबाईंनी लसणाची चटणी बांधून दिली होती. थंडी अशी, की चटणीतलं तेल थिजून दगड झालं म्हणायचे. कैदी तारेच्या कुंपणाच्या आत, हे शिधा घेऊन बाहेर. शिधा न्यायला यून नावाचा कैदी यायचा. वाट बघत उभं राहून पाय गारठले की तो तिथंच लाथा झाडायचा. पाय असा वर जायचा की समोरच्याची टोपी उडावी. भाऊजींनी बाहेरून तसंच करून बघितलं. दोघंही हसले असतील, मग रोजचंच झालं. तारेच्या आत गुरू, बाहेर चेला. हात धरून शिकवणं नाही, की एकमेकांची भाषा नाही. समोरासमोर बघून शिकलेलं, म्हणून यूनचा उजवा तो यांचा डावा झाला, आणि जन्मभर तसाच राहिला.

यूननं खुणांनी सांगितलं होतं की हे आजोबाचं आहे, सुगी झाली की आमच्या गावात हा खेळ असतो. भाऊजींना ते पटलं, आपल्याकडं जत्रेत कुस्त्यांचा हगामा असतो तसंच की. पण एक दिवस दुसरा कैदी यूनच्या अंगावर धावून आला. दोघंही रागानं लालेलाल. दुभाष्याला विचारलं तर तो म्हणाला, तो दुसरा म्हणतोय की आजोबा-बिजोबा काही नाही, जपान्यांचं राज्य असताना हा जपानात शाळेला होता, तिथं शिकला, आणि आता आपलं म्हणून सांगतो. मग खरं काय, हे यूनला विचारायच्या आतच त्या बराकीतले कैदी हलवले. पुन्हा कधी दिसला नाही.

तिथपासून ते भांडण भाऊजींच्या बोकांडी बसलं. दोघं कोरियावाले तिकडं भांडले, आणि निस्तरायला आमचे भाऊजी भिंगारात.

नोकरी सोडून त्यांनी म्हशी घेतल्या, लग्न केलं, पण पाय काही शांत राहिले नाहीत. शिकवायचं डोक्यात होतं. “माज्याबरूबर जाईल, वैनी,” म्हणायचे. “त्यो बिचारा कुठं हाय, हाय का न्हाई, कुणाला ठावं. त्याचं येवढंच माज्यापाशी ऱ्हायलंय.” मग गोठ्यामागं चार-पाच पोरं जमवली. तिथं सगळे खडक, पडलं की ढोपर फुटायचं. पोरांच्या आया माझ्याशी भांडायला यायच्या. तालमीतली लाल माती मऊ, आणि तिथं जातो म्हटलं की आई काही बोलत नाही. म्हणून तो कोपरा हवा होता.

खडकापेक्षा मोठी अडचण वेगळीच निघाली. आपल्यात पाय लागला की माणूस वाकून नमस्कार करतो. ते काही विचार करून होत नाही, आपोआप होतं. तर पोरगं लाथ मारायचं, लाथ लागायची, आणि मारणारा लगेच वाकून समोरच्याला हात लावून हात छातीला न्यायचा. तो वाकला की समोरच्यानं त्याच्या पाठीत घातलीच. मग तोही वाकायचा! मी शेण भरता भरता इतकी हसले की पाटी सांडली.

“आरं भीमा, लाथ घालायची हाय, पाया पडायचं न्हाई!”

“काका, पाय लागला ना.”

“लागावा म्हनूनच मारला ना, गाढवा!”

“मंग पाप न्हाई का लागत?”

भाऊजी डोकं धरून म्हशीच्या गव्हाणीवर बसायचे. वर्षभर ओरडले, पण भीमाचा नमस्कार सुटला नाही. उलट एकदा भाऊजींनी रागानं म्हशीला लाथ मारली आणि स्वतःच तिला हात लावून नमस्कार केला. पोरं खिदळली.

बहात्तरात पुण्याहून एक गडी यायला लागला. पांढरे कपडे, कमरेला काळा पट्टा. पैसे घेऊन कराटे शिकवायचा. लाथा तशाच, पण हा छातीठोकपणे सांगायचा की हे जपानचं, आणि कोरियावाल्यांनी ते उचललं. पोरं ऐकून आली आणि भीमानं भाऊजींना तोंडावर सांगितलं, “काका, तुमचं उसनं हाय म्हनं.” झालं. त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत, आणि चांगुणेनं, म्हणजे माझ्या जावेनं, त्या भीमाला शोधून शोधून शिव्या दिल्या.

शेवटी तालमीचे पंच आमच्या ओट्यावर बसले. चहा मीच केला. वस्ताद होते आणि आप्पासाहेब मास्तर होते. मास्तर गोड माणूस. ते म्हणाले, “कानिफनाथ, मार्ग आहे. आपल्या दक्षिणेतला एक भिक्खू फार पूर्वी चीनला गेला, त्यानं तिकडं ही विद्या नेली असं म्हणतात. तिथून कोरिया, तिथून जपान. म्हणजे मूळ आपलंच. तुम्ही तेवढं म्हणा, मी पाटी रंगवून देतो. मग हनुमानासमोर शिकवायला कुणाची हरकत?”

“मास्तर, ते खरं हाय का?”

“म्हणतात बुवा.”

चांगुणा दाराआडून कुजबुजली, “म्हना की हो. कोरियावरनं कोन येतंय तपासायला?”

मलाही तसंच वाटलं. कोपरा मिळतोय, पोरं मिळतायत, एका भिक्खूनं कुणाचं काय बिघडतंय? भाऊजी कितीतरी वेळ बशीत फुंकर घालत बसले. चहा निवून गेला तरी फुंकतच होते.

मग म्हणाले, “मला दिलं यूननं. त्याला कुनी दिलं, मला म्हाईत न्हाई. आजानं दिलं आसंल, जपान्यानं दिलं आसंल. तुमच्या भिक्खूला मी बघितलेलं न्हाई. ज्यानं दिलं त्याचं नाव पुसून, ज्याला बघितला न्हाई त्याचं लिहू?”

“म्हणजे बापाचा पत्ता न्हाई,” वस्ताद म्हणाले.

भाऊजी उसळले. “आनि तुमच्या धोबीपछाडाचा बाप कोन, वस्ताद?”

“माझे उस्ताद.”

“त्येंचा?”

“त्यांचे उस्ताद.”

“त्येच्या मागं? त्येच्याबी मागं?”

वस्तादांनी बशी खाली ठेवली, मिशी पुसली. “त्याच्या मागं अल्ला.”

सगळा ओटा हसला. मास्तर हसले, आमचे हे हसले, दाराआड चांगुणासुद्धा हसली, मग तोंडावर पदर धरून रडली. कोपरा गेला तो तिथंच गेला.

पुढं पोरं एकेक करून पुण्याच्या गड्याकडं गेली. त्यानं म्हणे पहिल्याच दिवशी सांगितलं की आधी दोघांनी वाकून नमस्कार करायचा, मगच मारायचं. भीमाचं तिथं छान जमलं. हे ऐकून भाऊजींनी दुधाची रिकामी कासंडी भिंतीवर फेकली. “यूनबी वाकायचा की आदी! मला वाटलं थंडीनं वाकतोय!” तारेबाहेरच्या माणसाला कोण समजावून सांगणार. राग असा की काढायला माणूस सापडेना. मेला म्हणावं तर यून जिवंत असेल, खोटा म्हणावं तर खरा असेल.

त्यात दुष्काळ पडला. चारा नाही, म्हशींच्या बरगड्या मोजाव्यात. दूध पातळ लागलं की गिऱ्हाईक म्हणायचं, पाणी घातलं. घालायला पाणी होतं कुठं?

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका दुपारी भाऊजी भाकर खाऊन गोठ्यात आडवे झाले ते उठले नाहीत. वैद्य म्हणाले छाती. चांगुणा अजून म्हणते, डोक्यातलं ते भांडण.

त्याच दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर वस्तादांच्या घरापर्यंत गेले होते, मला पुढं बाजारात जायचं होतं. भाऊजींनी सायकल भिंतीला लावली, घंटी वाजवली. वस्तादांची बायको, बद्रुन्निसाभाभी, पातेलं घेऊन दारात आल्या. आत बाजेवर वस्ताद. ओट्यावरच्या त्या दिवसापासून ते रोज एकच विचारायचे.

“काय कानिफ, सापडला का बाप?”

भाऊजींनी माप बुडवलं. “भाभी, भांडं सरळ धरा, सांडंल.”

माप ओतलं, वर थोडी धार सोडली, झाकण दाबलं. मग घंटी वाजवत पुढच्या दाराला गेले.