डॅशबोर्डवरचा गणपती

साकीनाक्याला गाड्यांत स्पीकर बसवणारा एक माणूस आहे. बोलतो कमी, ठोकून बघतो जास्त. डिकीच्या कोपऱ्यात नेमका बसेल असा फायबरचा बॉक्स तो हाताने घडवतो. थर सुकला की बोटं मुडपून टकटक करतो आणि कान लावतो. पोकळ वाटलं की आणखी एक थर. शेवटी स्वतः बॉक्सवर उभा राहून विचारतो, "हलतंय काय? मग!"

माझा बॉक्स तयार झाला तेव्हा त्याने गाणं लावलं. काचा थरथरल्या. मी खूश. पण पुढून खडखड ऐकू येत होती. डॅशबोर्डवर आईने बसवलेला पितळी गणपती नाचत होता.

"उचल आणि डिकीत टाक ना," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. चपला बाहेर काढल्या, गळ्यातला क्रूस शर्टात सारला आणि वाकून मूर्तीवर तळहात ठेवला.

"हा आधीपासून बसलाय रे. माझा बॉक्स आज आला."

मग स्क्रूड्रायव्हर घेऊन मागे गेला आणि खडखड थांबेपर्यंत अ‍ॅम्प्लिफायरचा जोर उतरवत राहिला.

आता काचा थरथरत नाहीत. स्क्रूड्रायव्हर माझ्याकडेही आहे; जोर वाढवायला अजून काढलेला नाही.