वितळलेला अंगठा आणि दोन शाली

मे महिन्यात अकोल्यात मेळावा ठेवणाऱ्या माणसाला आधी दुपारी दोन वाजता एस.टी. स्टँडवर उभं करावं आणि मगच त्याचं म्हणणं ऐकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही आम्ही गेलो. आमंत्रणात ‘राज्यभरातल्या मेकरांचा स्नेहमेळावा’ असं लिहिलं होतं. मेकर म्हणजे कोण, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते: घरातली चालू वस्तू उघडून ठेवणारा आणि मग चहा प्यायला निघून जाणारा माणूस. अशी दहा-वीस माणसं मिळून एक खोली भाड्याने घेतात, यंत्रं आणतात आणि तिला मेकरस्पेस किंवा हॅकरस्पेस म्हणतात. पुण्यात आमचीही एक आहे. तिथला थ्रीडी प्रिंटर कित्येक दिवस बंद आहे, कारण कोणता सुटा भाग मागवायचा यावर ग्रुपमध्ये अजून मतदान चाललंय.

मला मेळाव्याची फार हौस नव्हती. मला अकोटला जायचं होतं, माझ्या मामाकडे. मामा भजनी मंडळात खंजिरी वाजवायचा. सोयाबीनच्या थ्रेशरमध्ये त्याच्या डाव्या हाताचा अंगठा गेला आणि खंजिरी धरणंच बंद झालं. अंगठा आतून, बोटं बाहेरून, अशी ती धरावी लागते. त्याचं मंडळ त्या रविवारच्या भजनासाठी तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीला जाणार होतं. त्याने मला फोनवर एवढंच विचारलं होतं, “तू ते मशीनवाली हाय ना वं? मंग एक अंगठा बनव ना. नाईतर मी मंडळासंगं जाऊन काय, चपला सांभाळू?”

मी त्याच्या हाताचे फोटो मागवले, त्यांवरून मापं काढली आणि संगणकावर एक आकडा, म्हणजे हूक, तयार केला: खाली मनगटाला पट्टा, वर खंजिरीच्या लाकडी कड्यात अडकणारं बोट. आता तो कुठेतरी छापायचा होता. आमच्याकडचा प्रिंटर मतदानात अडकलेला. म्हणून ठरवलं, वाटेत अमरावतीला छापू, अकोटला मामाला भेटू, मग अकोला. सोबत आमच्याच जागेतला निखिल आणि त्याची गाडी.

जाणाऱ्यांसाठी माहिती: पुण्याहून समृद्धी महामार्गाने आलात तर कारंज्याला उतरून अमरावती गाठता येते. उन्हाळ्यात टायरची हवा तपासल्याशिवाय त्या काँक्रीटवर चढू नका. पाणी घरून भरून न्या आणि वाटेतल्या ‘शुद्ध व्हेज’ पाट्यांवर विश्वास ठेवू नका. आम्ही ठेवला.

अमरावतीत शिरल्यावर आधी गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला वडा, वर तिखट चटणी. कमी पैशात पोट भरतं आणि डोकं ताळ्यावर येतं. प्रवासातल्या चांगल्या गोष्टींची यादी करायची झाली तर ती इथेच सुरू होते आणि बरीचशी इथेच संपते.

मग एक कॉलेज. नाव घेत नाही. त्यांच्या ‘नवनिर्मिती केंद्रा’ची पाटी इतकी मोठी की तिच्या सावलीत तीन मोटारसायकली आरामात उभ्या होत्या. आत थंडगार काचेची खोली, ओळीने प्रिंटर, आणि सगळ्यांवर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक जसंच्या तसं. समन्वयक सरांनी आमचं शाल-श्रीफळ देऊन स्वागत केलं. मे महिन्यात शाल. मी विचारलं, “सर, एक वस्तू छापायची आहे.”

“छापू ना मॅडम, त्याच्यात काय. आधी पोरांले दोन शब्द सांगा.”

“प्रिंटर चालू आहेत ना?”

“चालूच आहेत. फक्त वापरत नाही, खराब होतात.”

मी शाल टेबलावर ठेवली आणि म्हटलं, आधी प्रिंटर लावा, मग दोन काय, दोनशे शब्द सांगते. सरांचा चेहरा उतरला, पण प्लास्टिक निघालं. संत्र्याच्या रंगाची प्लास्टिकची तार लावली आणि यंत्र घरघरायला लागलं. तोवर मी मुलांपुढे भाषण ठोकलं. कोणतं प्लास्टिक कशासाठी वापरावं, हा माझा आवडता विषय. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंसुद्धा: हे प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, उष्णतेजवळ नेऊ नये. मुलांनी फळ्याचा फोटो काढला. हे वाक्य लक्षात ठेवा, मी ठेवलं नाही.

संध्याकाळी आकडा हातात आला. सुरेख झाला होता, खोटं कशाला बोलू. सरांनी तो हातात धरून आठ-दहा फोटो काढून घेतले आणि प्रिंटरवर पुन्हा प्लास्टिक चढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतवाडा. मेळघाटात जाणाऱ्या जीपा इथूनच भरतात, त्यामुळे चौकात गाडी घालायची तर धीर पाहिजे. इथल्या पोरांनी बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीत हॅकरस्पेस काढली आहे. ‘हॅकर’ शब्द वाचून घरमालकाला वाटलं की ही बँकांचे पैसे पळवणारी टोळी आहे, म्हणून पाटी उतरवली आणि आता तिथे ‘कॉम्प्युटर क्लास’ लिहिलंय. चपला बाहेर काढाव्या लागतात, कारण प्रिंटरची दसऱ्याला पूजा झाली आहे. पूजा इतकी भक्तिभावाने झाली की हळद-कुंकू थेट दांड्यांवर पडलं, तेलात कालवलं गेलं आणि यंत्र तेव्हापासून जागचं हललेलं नाही. वाळलेला हार अजून गळ्यात आहे.

“साफ का नाही करत?” मी विचारलं.

“पूजेचं हाय ना ताई,” त्यातला एकजण म्हणाला. “पुढच्या दसऱ्याले काढू.”

त्यांचा सध्याचा प्रकल्प म्हणजे पाणी संपलं की मोबाईलवर कळवणारा माठ. ज्या घरात माठ असतो त्या घरात तो रिकामा झाल्यावर ओरडणारी आई असते, हे या मुलांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. निखिल मात्र भारावला. त्याने माठाचा व्हिडिओ काढला. निखिलला भारावायला फार काही लागत नाही.

अंजनगावमार्गे अकोट गाठलं तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. मामा ओसरीत कूलरसमोर बसला होता. मामीने गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती, वर तुपाची धार. मामाने माझी विचारपूस केली नाही, प्रवासाचं विचारलं नाही. डावा हात पुढे केला आणि म्हणाला, “दे.”

आणि इथे मी शहाणपणा केला. आम्हा मेकर लोकांत एक रीत आहे: वस्तू ज्याच्यासाठी बनवली त्याला देण्याआधी ती चारचौघांत दाखवायची. कोणी लिहून ठेवलेली नाही, पण पाळतात सगळे. वापर नंतर, आधी टाळ्या. उद्या अकोल्याला मंचावर माझं सादरीकरण होतं. मी म्हटलं, “मामा, उद्या तू पण चल. तिथे सगळ्यांसमोर तुझ्या हातात घालते.”

“कावून? अंगठा माया गेला का सगळ्याइचा?”

“अरे, मेळावा आहे. लोकांना दिसलं पाहिजे ना.”

मामाने पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाला, “मंडळाची जीप उद्या चार वाजता अकोल्याहूनच जाऊन राहिली मोझरीले. मी तथून बसीन. पन चारच्या आत दे बावा. तुमचे भाषणं संपन्याची वाट पाहून राहिलो तर भजन होऊन जाईल.”

शनिवारी अकोला. हॉलबाहेर फलक, फलकावर अठ्ठावीस-तीस पाहुण्यांचे फोटो आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘मेकर’. शैलजाताई इथल्या मेकरस्पेसच्या प्रमुख, शाळेत विज्ञान शिकवतात. धावून धावून त्यांचा घसा बसला होता. उद्घाटक उशिरा येणार, तोवर आधी जेवण, असं त्यांनी जाहीर केलं. निखिलला आकड्याचा ‘नैसर्गिक उजेडात’ व्हिडिओ हवा होता. त्याने तो गाडीत डॅशबोर्डवर मांडला, काचा बंद केल्या, चित्रण केलं, आणि आम्ही जेवायला गेलो. आकडा तिथेच.

अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन, बंद गाडी, डॅशबोर्ड. दोन इंजिनिअर. काय बोलायचं!

तीन वाजून गेल्यावर मी आणायला गेले तेव्हा आकडा डॅशबोर्डवर मान टाकून पडला होता. खंजिरीत अडकणारं बोट मनगटाच्या पट्ट्याला टेकलं होतं. मी तो उचलला आणि हॉलमध्ये आले. मामा पांढरं धोतर, पांढरी टोपी घालून, खंजिरी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. त्याने आकडा पाहिला.

“हे का कुल्फी हाय?”

मला रडू येत होतं, आणि ते रडू रागाचं होतं, माझ्यावरच्या. पण आजूबाजूला मेकर लोक जमले. मग काय विचारता! एकजण म्हणाला, हे प्लास्टिक वापरलंच का, दुसरं वापरायचं. दुसरा म्हणाला, दुसरंही नको, तिसरं. तिसऱ्याने मोबाईलवर तक्ता उघडला. चौथा म्हणाला, आपण यावर एक कार्यशाळा घेऊ. मी विचारलं, इथला प्रिंटर मोकळा आहे का? मंचाजवळ एक यंत्र होतं. ते उद्घाटकांनी बटण दाबायचं म्हणून राखून ठेवलं होतं, त्याला हात लावायची परवानगी नव्हती. “आणि मॅडम,” एकाने सांत्वन केलं, “अपयशातूनच शिकायचं असतं.” त्या माणसाचा अंगठा जागेवर होता.

“साडेतीन होऊन राहिले,” मामा म्हणाला.

तेव्हा माझं डोकं चाललं. उन्हाने मऊ झालेलं उन्हानेच पुन्हा मऊ होईल. मी मामाला हाताला धरून गाडीशी नेलं, आकडा परत डॅशबोर्डवर टाकला, काचा बंद. निखिलला हॉलमधल्या माठाचं पाणी आणि मामाचा खुर्चीवर राहिलेला दुपट्टा आणायला पिटाळलं. आकडा लवायला लागला तसा मामाच्या हाताला ओला दुपट्टा गुंडाळला आणि त्यावर तो दाबला. मामाने ओठ आवळले.

“पोळतंय?”

“पोयते. पन तू दाब.”

अंगठ्याच्या राहिलेल्या बुंध्याभोवती तो दाबत, वळवत गेले. मग खंजिरीचं कडं मध्ये धरलं, त्याच मापाने बोट वाकवलं आणि वरून गार पाणी ओतलं. फोटोंवरून काढलेली माझी मापं तशीही चुकली होती, हे तेव्हा कळलं. गाडीत नीट राहिला असता तरी तो आकडा मामाच्या हातावर बसला नसता, आणि मंचावर सगळ्यांसमोर बसला नसता. मामाने खंजिरी उचलली. हलवली. पडली नाही. एकदा थाप मारली. पडली नाही.

“मामा, उन्हात ठेवू नकोस. गाडीत तर अजिबात नको.”

“मले सांगून राहिली?” म्हणाला आणि कोपऱ्यावर येऊन थांबलेल्या मंडळाच्या जीपकडे चालू लागला.

मी त्याच्यासोबत जायला हवं होतं. पण सहा वाजता ‘नवनिर्मिती आणि समाज’ या परिसंवादात माझं नाव होतं, आणि निखिलला पहाटे पुण्याला निघायचं होतं. शैलजाताईंनी मंचावरून पुकारलं, “आता आपल्यासमोर येत आहेत दिव्यांग लाभार्थी...” कोणी आलं नाही. दोनदा पुकारलं. मग त्यांनी मलाच वर बोलावलं आणि दुसरी शाल दिली. उद्घाटक यायच्या आधी मी त्या समाजाबद्दल बोलले जो जीपमध्ये बसून एव्हाना मूर्तिजापूरच्या पुढे गेला असेल.

पुण्याला परतले. कोणी विचारलं, जावं का, तर माझं उत्तर: गिल्या वड्यासाठी आणि रोडग्यांसाठी जरूर जा. नोव्हेंबर-डिसेंबरात जा. मेकरस्पेस बघायच्या असतील तर बाहेरून पाट्या वाचा, वेळ वाचेल. मेळाव्याच्या ग्रुपवर माझा शाल घेतलेला फोटो आहे, खाली ‘एका आयुष्यात परतलेला ताल’ असं लिहिलंय. लिहिणाऱ्याने ताल ऐकलेला नाही. मीही नाही. आमच्या प्रिंटरचं मतदान अजून सुरू आहे. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की यापुढे माझ्या हातची वस्तू आधी ज्याची त्याला मिळेल, नंतर तुम्हाला दिसेल. त्यावर तिघांनी अंगठे दाखवले.

चार दिवसांनी मामाचा फोन आला. मी घाबरतच विचारलं, “आकडा टिकला?”

“आकडा टिकला. मीच नाई टिकलो. दोन वर्षं हात लावला नवता ना. दुसऱ्याच भजनात ताल चुकला. मंडळाच्या बुढ्यानं सगळ्याइसमोर शिव्या देल्ल्या. म्हने, तुले अंगठा देल्ला पन अक्कल नाई देल्ली का तुया भाचीनं?”

“मग रे?”



“काई नाई वं. अंगठा गेल्यापासून सारे मायाशी गोडच बोलून राहिले होते. दोन वर्षांत कोनी एक शिवी नाई देल्ली मले. त्या दिवशी बुढा भडकला आन् मले इतकं बरं वाटलं, काय सांगू.” मग आवाज चढवून म्हणाला, “आता ठेव फोन. रियाज करून राहिलो.”