भरल्या पोटाची बॅटरी

थंडीने बॅटरी मरते का, असं वेर्ना कोवालचुकला एकदाच विचारता येतं. ती अशी बघते, की दुसऱ्यांदा विचारायची कोणाची छाती होत नाही. "भरल्या पोटाची बॅटरी गोठत नाही. उपाशी असते ती गोठते," एवढं म्हणून ती कामाला लागते.

डॅल्बी गावाबाहेर तिचं आवार आहे. उन्हाळाभर तळ्याकाठी हिंडलेले एकशेवीस घरट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, ऑक्टोबरात तिच्याकडे येतात ते एप्रिलपर्यंत हलत नाहीत. निम्मे मालक तर चावी टेकवून सरळ ॲरिझोनाच्या उन्हात पळतात. मग वेर्ना एकेक बॅटरी हाताखाली घेते. सोड्याच्या पाण्याने तिची टोकं धुते, आत पाणी कमी असेल तर शुद्ध पाणी घालते, पूर्ण चार्ज करते आणि काळी तार सोडवून ठेवते. तार जोडलेली राहिली, तर आतलं घड्याळ, गॅस गळला तर वाजणारी घंटा असले भुरटे चोर महिन्याभरात बॅटरी रिकामी करतात. महिन्यातून एकदा मीटर घेऊन ती सगळ्यांची नाडी बघते. आधी बावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. उणे चाळिसात बस सुरू करणाऱ्या बाईला बॅटरीचं कोण काय शिकवणार? आवार घेतल्यापासून एकोणीस हिवाळे गेले, एकही बॅटरी गोठली नव्हती. तिला त्याचा ताठा होता, आणि खरं सांगायचं तर तो शोभतही होता.

विसाव्या हिवाळ्यात, जानेवारीच्या फेरीत, तिने मागच्या रांगेतल्या आयनर तोर्गेरसनच्या ट्रेलरची बॅटरीची पेटी उघडली. बॅटरीच्या कुशी फुगल्या होत्या आणि वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. काळी तार मात्र नीट जोडलेली होती, पान्याने आवळून. हे वाऱ्याचं काम नव्हे. दाराची पायरीही कोणीतरी झाडून ठेवली होती. वेर्नाचं डोकं सणकलं. हिवाळ्यात ट्रेलरमध्ये कोणी बसायचं नाही हा तिचा पहिला नियम, आणि तो मोडणाऱ्याला ती दुसऱ्या दिवशी ट्रेलर न्यायला लावत असे.

ती फुटकी बॅटरी ढकलगाडीवरून नेताना मर्वने पाहिलं. हा आवारातला बर्फ ट्रॅक्टरने सारतो आणि गावातल्या बातम्या तोंडाने. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या सहकारी दुकानातल्या कॉफीच्या टेबलाशी तो तयारच होता.

"काय वेर्ना, पोटभर जेवलेली होती ना गं?"

"होती."

"मग अजीर्ण झालं म्हणायचं."

टेबल हसलं. कोपऱ्यात आयनर बसला होता, सत्तरीचा, अबोल माणूस. तो तेवढा हसला नाही. साखर न घातलेली कॉफी ढवळत राहिला. संध्याकाळपर्यंत वेर्नाला तीन फोन आले, आमच्या बॅटऱ्या आम्ही घरी नेतो म्हणून. तार कोणीतरी जोडली, एवढं एक वाक्य बोलली असती तर तिची पत तिथल्या तिथे परत आली असती. पण आधी त्या माणसाला तोंडावर विचारायचं, असं तिने ठरवलं.

दोन दिवसांनी भर दुपारी आयनरची गाडी आवाराच्या कुंपणाला लागलेली दिसली. वेर्ना ट्रेलरचं दार न ठोकताच आत शिरली. तो जाड कोट घालून बाकावर बसला होता. समोरच्या बाकावर शब्दकोड्यांची वही होती आणि तिच्यावर ग्लॅडिसचा चष्मा. ग्लॅडिसला, त्याच्या बायकोला, जाऊन सप्टेंबरात वर्ष झालं होतं.

"शेगडी पेटवतोस?"

"नाही. नुसता बसतो."

"मग तार कशाला जोडलीस?"

त्याने समोरच्या बाकावरच्या छोट्या, आता विझलेल्या दिव्याकडे बोट केलं. "अंधारात तिला कोडं दिसायचं नाही."

"जाताना बंद करायचास, आयनर."

"दोनदा बटणापर्यंत हात नेला," तो म्हणाला. "ती बसलेली असताना दिवा कसा घालवायचा?"

वेर्ना भांडायला आली होती. शब्द सगळे पाठ होते, आणि त्यातला एकही आता कामाचा नव्हता. मग तिने दिव्याची काच काढली, आतला बल्ब बघितला आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला.

"हा जुना बल्ब म्हणजे बकासुर आहे. दोन दिवसांत बॅटरी खातो. मी एलईडी लावते, तो चिमणीएवढं खातो. बॅटरी माझी. दर पाचव्या दिवशी ही काढून भरलेली ठेवीन, म्हणजे गोठायच्या आत बदलली जाईल. तू पान्याला हात लावायचा नाहीस."

"आणि बटणाला?"

"बटणाला कोणीच हात लावायचा नाही."

शनिवारी कॉफीच्या टेबलाशी मर्वने पुन्हा सुरुवात केली. "मग कळलं का, कसं झालं ते?"

"तार काढायची राहिली," वेर्ना म्हणाली. "चूक माझी." जन्मात पहिल्यांदा ती खोटं बोलत होती, आणि तेही आपल्याच हातच्या कामाबद्दल. तिचे कान लाल झाले.

"राहिली नव्हती," कोपऱ्यातून आवाज आला. आयनर उभा राहिला होता. "तिने काढली होती. मी जोडली. ग्लॅडिससाठी दिवा लावतो मी तिथे." एवढं बोलून तो टोपी शोधू लागला. टोपी डोक्यावरच होती.

मर्वने आपला कप बाजूला सारला.

"पाचव्या दिवशी बदलायची म्हणजे बुधवारी," वेर्ना त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आयनर, तुला चालेल ना?"

"मागच्या रांगेत कालपासून कमरेएवढा बर्फ साचलाय," मर्व म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "मंगळवारी ट्रॅक्टर आणतो. ग्लॅडिसच्या दारापर्यंत रस्ता करून ठेवतो."